खोटी बटणं

सुई बाई सुई, तुझं बारीक पाऊल
फाटल्या कापडाला लागू नये चाहूल

आवाज तिच्या आईचा. खिडकीपाशी बसून, गुडघ्यावर कापड ताणून, दातात दोऱ्याचं टोक धरून म्हटलेलं गाणं. त्यामुळे 'पाऊल'मधला 'प' कायम अर्धाच बाहेर पडायचा. काम झालं की आई कापड उजेडाकडे धरायची आणि विचारायची, "सांग बघू, कुठे होतं भोक?" मुलीने बरोबर जागी बोट ठेवलं, तर आई सगळं उसवायची आणि पुन्हा बसायची. मुलीला भोक सापडलं नाही, तर आई काहीच बोलायची नाही. ते न बोलणं म्हणजे शाबासकी.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. ती मुलगी आता धुलाई-इस्त्रीच्या एका दुकानात मागच्या खोलीत बसून रफूचं काम करते. कोटांना कसर लागलेली असते, बाही सिगारेटने आरपार जळलेली असते, खिशाच्या तोंडाशी किल्ल्यांनी कापड खाल्लेलं असतं. ती त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढते, कारण ज्याचं भोक त्याचाच धागा लागतो, आणि एक आडवा एक उभा असं विणत भोक बुजवते. गिऱ्हाईक कपडा न्यायला येतं, उलटासुलटा करून बघतं आणि हमखास म्हणतं, "इथे तर काहीच नव्हतं झालेलं! मग एवढे पैसे कसले?" गल्ल्यावरच्या मालकीणबाई त्यावर दरवेळी तेच उत्तर देतात, "न दिसण्याचेच आहेत."

तिची मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात. नाव बापाने ठेवलेलं, जन्माच्या आधीच, कारण पोटात ती सारखी फिरायची. जन्मताना श्वास उशिरा आला, आणि त्या उशिराची वसुली तिच्या हातापायांनी केली. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. बोटं मुठीत मिटलेली असतात, उघडायची तर एकेक करून समजूत घालावी लागते. भिंत धरून ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला जाते. डोकं मात्र लखलखीत. बोलते सावकाश, एक शब्द ठेवते, थांबते, मग दुसरा आणते. लोकांना तेवढा दम नसतो. ते तिची वाक्यं आपणच पुरी करून टाकतात. सगळ्यांत आधी आई करते.

आईने आणखीही बरंच पुरं केलेलं होतं. भिंगरीच्या सगळ्या सदऱ्यांची काजं तिने आतून शिवून बंद केली होती आणि वर बटणं नुसती शोभेला लावली होती. खालच्या पट्टीत पर्सच्या झडपेला असतात तशा लोहचुंबकाच्या चकत्या होत्या. दोन्ही पट्ट्या जवळ आणल्या, अगदी मुठीने ढकलल्या, तरी टक् करून मिटायच्या. बघणाऱ्याला वाटावं, मुलीने बटण लावलं. चड्डीच्या कडेला आतून नाड्यांचे फास होते, अंगठा अडकवायला. जेवणातलं सगळं आधीच बारीक करून, पुन्हा न केल्यासारखं ताटात मांडलेलं असायचं. दुपारच्या सुट्टीत ती दुकानातून शाळेत जायची, भिंगरीला भरवायची, मोरीत न्यायची, आणि वर्गातल्या मुलींना सांगायची, "पाण्याची बाटली विसरली होती हो, द्यायला आले." मुलींनी ते खरं मानलं होतं. एवढी विसरभोळी मुलगी शाळेत दुसरी नव्हती.

आणि रात्री ती उठायची. भिंगरीला झोपेत कूस बदलता येत नाही. एकाच कुशीवर राहिली तर नितंबावर लाल चट्टा उठतो, मग कातडी सोलते. म्हणून आई दिवा न लावता उठायची, आपले हात काखेत धरून आधी ऊबदार करायची, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि अलगद वळवायची. ओठांतल्या ओठांत तेच दोन चरण चालू. पहाटेपर्यंत असं कैकदा. भिंगरीचा श्वास जराही हलायचा नाही. बाप शेजारी घोरत असायचा. आपली बायको रात्री किती वेळा उठते, हे त्यालाही धड माहीत नव्हतं. आपल्या सगळ्या कामांत हे काम तिला सर्वांत सफाईचं वाटायचं.

अर्जाचा विषय नणंदेने काढला. नणंद तपासणीच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते. "तू सुईने सांधतेस, मी सुईने भोसकते, घर आपलं सुईवरच चाललंय," असं ती आल्यागेल्याला सांगते. निमित्त शाळेचं झालं. पुढच्या वर्गापासून मुलं लांबच्या इमारतीत जाणार होती आणि मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवसभर सोबत पगारी मदतनीस असेल तरच भिंगरीला तिथे घेता येईल. आईचं दुपारचं येणं-जाणं तिथे पोचणारं नव्हतं.

"अपंग मुलांचा भत्ता असतो वहिनी," नणंद म्हणाली. "त्यात मदतनीस बसते. फक्त नीट ऐक. दिवसाच्या मदतीचा वेगळा, रात्रीच्या देखभालीचा वेगळा. दोन्ही मिळाले तरच भागेल, नुसत्या दिवसाच्यात मदतनीस यायची नाही."

बाप लिफ्ट दुरुस्त करतो. तो हातांचं ग्रीस पुसत म्हणाला, "अर्जात लिहायचं काय पण?"

"जे येत नाही ते."

"तिला सगळं येतं. वेळ लागतो जरा."

"दादा, लिफ्ट बंद पडली की तू दारावर पाटी लावतोस ना? का लोकांना म्हणतोस, चढा, वेळ लागेल जरा?"

"माझी मुलगी लिफ्ट नाहीये."

"नाहीच. लिफ्टकडे निदान तू हाक आल्यावर धावत जातोस."

भिंगरी हसली. तिचं हसू सगळ्या अंगातून येतं आणि यायला वेळ घेतं, म्हणून बाकीच्यांचं आटपल्यावर ती एकटीच हसत राहिली. अर्ज त्याच आठवड्यात गेला.

काही दिवसांनी कळवण्यात आलं की तपासनीस बाई घरी येऊन मुलीला बघतील. आणि इथे आईने जे केलं, ते तिने आयुष्यभर पाहुणे येणार म्हटल्यावर केलं होतं. फरशी पुसली. भिंगरीची संडासची, भोकाची खुर्ची पडद्यामागे सारली. अंथरुणावरचं रबरी कापड गुंडाळून कपाटावर टाकलं. नळीचा पेला फडताळात मागे लपवला. भिंगरीचे केस विंचरले, निळा सदरा घातला, आणि म्हणाली, "बाईंनी विचारलं तर नीट उत्तरं द्यायची हं. शहाण्यासारखं."

नणंद कामावर होती. ती असती तर तिने पडदा बाजूला ओढला असता.

तपासनीस बाई दमलेल्या आणि भल्या होत्या. त्यांना त्या दिवशी अजून बरीच घरं करायची होती. त्या भिंगरीशेजारी जमिनीवरच बसल्या.

"बाळा, सदरा तुझा तू घालतेस?"

"हो," भिंगरी म्हणाली.

"मला दाखवशील?"

भिंगरीने दोन्ही मुठी छातीशी आणल्या आणि पट्ट्या सोडवल्या. सदरा दोन्ही खांद्यांवरून मागे घसरू दिला, पुन्हा खांदे उडवून वर घेतला. मग मुठीने पट्टी पट्टीवर ढकलली. टक्. टक्. टक्. निळी बटणं एका ओळीत आली.

"अरे वा!" बाई मनापासून म्हणाल्या आणि काहीतरी लिहिलं.

त्या वेळी आईला बोलता आलं असतं. वाक्य लांबलचक नव्हतं. पण भिंगरी तिच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा उजेडाकडे धरलेल्या कापडासारखा होता. भोक कुठेच दिसत नव्हतं. आई काहीच बोलली नाही.

बाईंनी खाण्याचं विचारलं. भिंगरीने तोंडात घातल्यावर विरघळणारं बिस्किट खाऊन दाखवलं. चालण्याचं विचारलं. ती भिंत धरून पलंगापर्यंत गेली आणि पडायच्या आत पलंगावर बसली.

"आणि रात्रीचं कसं? झोपते नीट?"

"शांत झोपते," आई म्हणाली.

बाई गेल्या. आईने खुर्ची पडद्यामागून बाहेर काढली. बरं झालं, घर स्वच्छ दिसलं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

अर्ज नामंजूर झाला. पत्र नणंदेने वाचलं, उभ्या उभ्या, पायातली चप्पलही न काढता. "'मुलगी दैनंदिन कामे बहुतांशी स्वतः करते. कपड्यांची बटणे स्वतः लावते. रात्री देखभालीची गरज नाही.'" मग तिने पत्र खाली केलं. "कोणती गं बटणं?"

आई सदऱ्याला इस्त्री करत होती. करत राहिली.

"वहिनी, तू रफू दाखवून भोकाची भरपाई मागितलीस."

"पोरीसमोर कसं सांगायचं पण?"

"काय सांगायचं?"

आईने इस्त्री उभी करून ठेवली. "हेच. येत नाही म्हणून."

"अगं, अंग तिचं आहे. तिला ठाऊक नसेल होय?"

"ठाऊक असणं वेगळं," आई म्हणाली, "आणि आईच्या तोंडून ऐकणं वेगळं."

नणंदेने चप्पल काढली आणि चहा टाकला.

फेरविचाराची मागणी करता येत होती. तिघांचं मंडळ बसतं, त्यांच्यापुढे जाऊन आपल्या तोंडाने सांगायचं. नणंदेने स्वयंपाकघरात तालीम घेतली. पोळपाट मांडीवर उभा धरून ती अध्यक्ष झाली.

"हं, सांगा. मुलीला जेवता येतं?"

"येतं तसं. थोडी मदत लागते."

"थोडी म्हणजे किती? चिमूटभर?"

"बारीक करून द्यावं लागतं. म्हणजे... भरवावं लागतं. कधी कधी."

"कधी कधी म्हणजे कधी?"

"रोज."

"अस्सं! आणि आपण कोण? दोऱ्याच्या रिळासारखं बोलताय, ओढल्याशिवाय बाहेर येत नाही!"

आई हसली, पण पुढच्या प्रश्नाला पुन्हा "थोडी" म्हणाली. आतल्या खोलीत भिंगरी अभ्यास करत होती. दार उघडं होतं.

"त्या दिवशी तिला बाहेर बसवा," आई नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही बसा तिच्याजवळ. मी आत एकटी बोलेन. एकटी असले की जमेल मला."

"बसतो," तो म्हणाला. त्याने रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टवाल्यांनी त्याच्याशिवाय एक दिवस काढायचं ठरवलं.

मंडळाचं कार्यालय जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं आणि लिफ्टच्या दारावर पाटी होती: बंद आहे. बाप त्या पाटीसमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला. मग त्याने भिंगरीला उचललं आणि जिना चढायला लागला. तिची नऊ वर्षं चांगलीच अंगाला लागलेली होती. मधल्या वळणावर तो टेकला. भिंगरी त्याच्या कानाशी म्हणाली, "बाबा... मी... हळूहळू... चढू?" तो धापा टाकत म्हणाला, "नको गं. संध्याकाळ होईल." असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता. ते त्याच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही.

वरच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यावर पाण्याचा तांब्या आणि झाकण ठेवलेले पेले. मध्ये अध्यक्षबाई, चष्म्याला दोरी. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला टिपण घेणारा कारकून.

"मुलीला बाहेर बसवलं तर चालेल का?" आईने दारातच विचारलं. "तिचे वडील आहेत सोबत."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "नाही हो ताई. अर्ज तिच्या नावाचा आहे. तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे. आणि मला विचाराल तर नियम चांगला आहे."

मग सगळे आत बसले. भिंगरीने निळा सदरा घातला होता; तिनेच सकाळी तो मागितला होता. तिला खुर्चीत दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून बसवलं.

अध्यक्षबाईंनी अहवाल वाचला. "इथे लिहिलंय, मुलगी बटणं स्वतः लावते. तुमचं म्हणणं काय आहे?"

आईला तालमीतलं एकही वाक्य आठवेना. तिने भिंगरीकडे पाहिलं नाही. पर्स उघडली, त्यात दुकानातली लहान कात्री होती, ती कायम असते. उठून ती भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसली, सदऱ्याचं वरचं बटण चिमटीत धरलं आणि टाका कापला. मग दुसरं. मग तिसरं. खोलीत कात्रीचा तेवढा आवाज. सगळी बटणं काढून झाल्यावर तिने ती टेबलावर अध्यक्षबाईंसमोर ठेवली. भिंगरीचा सदरा जसा होता तसाच मिटलेला राहिला.

"बटणं खोटी आहेत," ती म्हणाली. "आत लोहचुंबक आहे. मी शिवलंय. तिला बटण लावता येत नाही."

गिऱ्हाइकाला कपड्याची अवस्था सांगतात त्याच आवाजात ती पुढे बोलत गेली. बोट लावून दाखवावं तसं, एकेक जागा. घास हातात धरता येत नाही, भरवावा लागतो. पाणी पेल्याने दिलं तर ठसका लागतो. मोरीत उचलून न्यावं लागतं, धुवावं लागतं. भिंत असेल तिथेच चालते, आणि भिंत संपली की पडते. बाटली ती कधीच विसरत नाही, मी खोटं सांगते. तपासनीस बाई येणार म्हणून खुर्ची मी लपवली होती. "थोडी" हा शब्द तिने एकदाही वापरला नाही.

बाप खिडकीबाहेर बघत होता. कारकुनाचं लिहिणं मागे पडलं म्हणून तो हात वर करून "जरा थांबा" म्हणाला, आणि ती थांबली. भिंगरी टेबलावरच्या बटणांकडे बघत होती.

"दिवसाचं समजलं," डॉक्टर म्हणाले. "आता रात्रीचं सांगा. रात्री उठावं लागतं?"

आईने तोंड उघडलं. मग तिने भिंगरीकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा. बाकीच्या सगळ्या जागा पोरीच्या ओळखीच्या होत्या. घास, मोरी, भिंत. पण झोप तिची होती. चोवीस तासांत तेवढाच भाग असा होता जिथे भिंगरीला कुणी उचलत नव्हतं, वळवत नव्हतं, पुसत नव्हतं. निदान तिच्या हिशेबी तरी. सगळं उसवून झालं होतं. तेवढं एक राहू दे, असं आईला वाटलं.

"झोपते ती," आई म्हणाली.

"सलग?"

"हो."

नवऱ्याने खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे वळवली. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. रात्रीचा रकाना म्हणजे मदतनीस, मदतनीस म्हणजे शाळा, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आईलाही.

"आई," भिंगरी म्हणाली.

"काय गं, पाणी हवंय?"

"नाही."

भिंगरीने शब्द जमवायला घेतले. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, मान हलली. डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. बाप मधेच काही बोलायला झुकला, अध्यक्षबाईंनी हाताने त्याला थांबवलं. आईला वाक्याचं पुढचं टोक दिसल्यासारखं झालं. एरवी तिने ते ओढून पुरं केलं असतं. तिने ओठ मिटून घेतले.

"रात्री," भिंगरी म्हणाली. "आई... उठते."

डॉक्टरांनी पेन कागदावरून उचललं.

"हात... गरम... करते. मग... मला... वळवते. सुईचं... गाणं... म्हणते. खूपदा... उठते."

"बाळा, तू तर झोपलेली असतेस ना?" अध्यक्षबाईंनी हळू विचारलं.

भिंगरीने मान हलवली. तिची नजर आईवर होती.

"डोळे... मिटते," ती म्हणाली. "तिला... वाटावं... म्हणून. मी... जागी असते."